बंद दिवसांची मजुरी

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आपल्या शब्बाथशाळांत वर्षातून एकदा तरी शिकविला जातो. शिक्षकांस अनुभव आहे, की वर्गातले एखादे तरी मूल हात वर करून म्हणते, "हे काही बरोबर नाही." सकाळपासून उन्हात राबला त्यालाही तेवढेच, आणि दिवस मावळताना आला त्यालाही तेवढेच! मग आपण लगबगीने सांगतो, की हा दाखला मजुरीविषयी नाही, देवाच्या कृपेविषयी आहे. ते खरेच आहे. परंतु कृपेविषयी सांगण्यासाठी प्रभूने मजुरांचा अड्डा निवडला, आणि तेथे दिवसभर उभ्या राहिलेल्या माणसांना बोलते केले. त्यांचे म्हणणे एवढेच, की आम्ही यावयास तयार होतो, बोलावणारा कोणी आला नाही. धन्याने त्यांना आळशी ठरविले नाही. त्यांच्या पोटाचा हिशेब तासांवर चालत नाही, हे त्याने ओळखले.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून देश बंद झाला. चार टप्प्यांनी ही बंदी ३१ मे पर्यंत, म्हणजे ६८ दिवस चालली. २० एप्रिलपासून काही कामांना सवलत मिळाली, तरी अड्डे ओसच होते. त्या दिवसांनी जो प्रश्न आपल्यापुढे टाकला तो अजून सुटलेला नाही, आणि साथ ओसरली म्हणून तो विसरून जावा असेही आम्हांस वाटत नाही. सर्वांच्या जिवासाठी ज्याचे काम थांबविले, त्याची त्या दिवसांची मजुरी कोणाकडे लागते की नाही? आणि लागत असेल, तर जे दिले गेले ते दान होते की देणे?

प्रश्न मोठा आहे. म्हणून तो एका मुलखात उभा करून पाहू. धार आणि देवास ही नावे मराठी वाचकाला परकी नाहीत. पवारांची ही संस्थाने. देवासच्या तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात होत्या. धारला कॅनडियन प्रेस्बिटेरियन मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काम उभारले आणि डॉ. मार्गारेट ओहारा यांनी तेथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली. क्षयाने आजारी पडलेले कुमार गंधर्व १९४८ च्या सुमारास हवापालटासाठी देवासला आले व काही वर्षे त्यांचे गाणे बंद राहिले, ही गोष्टही आपल्या घरोघर सांगितली जाते. छातीच्या रोगाने काम थांबलेल्या माणसाला त्या गावाने थारा दिला होता, हे जाता जाता लक्षात ठेवावे.

आता हा मुलूख कारखान्यांचा आहे. धार जिल्ह्यातील पिथमपूर येथे १९८० नंतर मोटारींची, मालमोटारींची आणि त्यांना सुटे भाग पुरविणारी वसाहत वाढली. देवासला चलनी नोटांचा सरकारी छापखाना आहे, किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना आहे, औषधे बनविणारे कारखाने आहेत. आणि या दोन्ही जिल्ह्यांना शिवून जातो तो आग्रा रस्ता. नाशिक-धुळ्याकडून निघालेला हा रस्ता बिजासन घाटात मध्यप्रदेशात शिरतो, धार जिल्ह्यातील खलघाटला नर्मदा ओलांडतो, घाट चढून इंदूरला येतो आणि देवासवरून उत्तरेकडे जातो. मे २०२० मध्ये मुंबई, पुणे व नाशिककडून निघालेले हजारो मजूर याच रस्त्याने चालले. बिजासनच्या सरहद्दीवर तर त्यांची एवढी दाटी झाली, की बसगाड्या पुऱ्या पडेनात. महूजवळ याच रस्त्यावरचे एक दृश्य पुष्कळांनी पाहिले असेल: बैलगाडीच्या जुवाला एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला माणूस. घरखर्चासाठी जोडीतला एक बैल विकावा लागला होता.

उलट दिशेचे दुःखही आपल्या पदरी आहे. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात काम करणारे मध्यप्रदेशातील शहडोल व उमरिया जिल्ह्यांचे मजूर गावी जाणारी गाडी मिळेल या आशेने रुळांवरून भुसावळकडे चालत निघाले. करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले आणि ८ मे २०२० च्या पहाटे त्यांतील सोळाजण मालगाडीखाली सापडले. रुळांवर विखुरलेल्या भाकरींचे चित्र आपण वर्तमानपत्रात पाहिले. ती माणसे का चालली होती? रोगाच्या भीतीने थोडी; परंतु मुख्यतः यासाठी, की काम थांबताच त्या गावात त्यांचे म्हणून काही उरले नव्हते. मजुरी हीच त्यांची तेथे राहण्याची सोय होती.

'टाळेबंदी' या शब्दाचीच गंमत पाहा. २०२० पूर्वी मराठीत हा शब्द गिरणी-कारखान्यांचा होता. मालकाने दाराला टाळे लावून कामगारांना बाहेर ठेवणे म्हणजे टाळेबंदी. ती बेकायदा ठरली तर त्या दिवसांचा पगार मागता येत असे. सर्व देशाला टाळे लागले तेव्हा शब्द तोच वापरला गेला, पण पगाराची बाजू मागे राहिली.

कायद्याला हे तत्त्व अपरिचित होते असे मात्र नाही. त्यावेळी लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'ले-ऑफ'ची तरतूद होती. कामगाराचा दोष नसताना कच्चा माल संपला, यंत्र बिघडले, नैसर्गिक आपत्ती आली, तर घरी बसविलेल्या कामगाराला मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम मिळावी. म्हणजे थांबलेल्या दिवसांनाही काही मोल आहे, हे आपल्या देशाने केव्हाच मान्य केले होते. परंतु ही तरतूद पन्नास वा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरती, वर्षभर नोकरी झालेल्यांपुरती. बदली कामगाराला ती नाही, रोजंदारीच्या माणसाला नाही. सुतार, गवंडी, हमाल, धाब्यावर ताटे विसळणारा पोरगा यांना तर कारखान्याचे दारच नाही. २९ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने हुकूम काढला, की कारखाना असो वा दुकान, मालकाने कामगाराची मजुरी ठरल्या तारखेस कपात न करता द्यावी, आणि घरमालकाने मजुराकडे महिनाभराचे भाडे मागू नये. हुकूम वाचून आनंद वाटावा असाच होता. १८ मे पासून तो उठविण्यात आला आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मालक-कामगारांनी आपसांत बोलून मिटवावे. ठेकेदाराच्या हाताखाली पिथमपुरात आलेला मजूर कोणाशी बोलणार? कारखाना म्हणे, तो ठेकेदाराचा माणूस. आणि ठेकेदाराचा फोन बंद.

येथे मालकांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण आपल्या मंडळ्यांत लहान मालकही आहेत. मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरविणारा, चार लेथ आणि सहा माणसे असलेला वर्कशॉपवाला घ्या. वरून मागणी बंद, बँकेचे व्याज चालू. त्याने दोन महिने सहा घरे कशी पोसावी? दाखल्यातील धन्याजवळ द्राक्षमळा होता. याच्याजवळ कर्ज आहे. हा आक्षेप खोटा नाही. आम्हांस वाटते, त्यातून एवढेच निघते, की हे देणे त्या एकट्याचे नव्हते. देणे नव्हतेच, असे त्यातून निघत नाही.

मग कोणाचे? याचे उत्तर शोधताना आमच्या मनात एप्रिल २०२१ चा ऑक्सिजन येतो. दुसऱ्या लाटेत रुग्णालयांना प्राणवायू पुरेना, तेव्हा २२ एप्रिलपासून काही आवश्यक उद्योग वगळता कारखान्यांचा ऑक्सिजन बंद करून तो रुग्णांकडे वळविला गेला. योग्यच झाले; याविषयी दुमत असू नये. लोखंड कापणाऱ्या, जोडणाऱ्या लहान वर्कशॉपांत ज्या नळकांड्यावर काम चालते ते नळकांडे उचलून कोणाच्या तरी खाटेशी ठेवले गेले. ज्याच्या नाकाशी ती नळी लागली तो वाचला असेल. तो कदाचित आपल्याच मंडळीतील कोणी असेल. पण कटिंगचे काम करणाऱ्या त्या कारागिराची त्या आठवड्यांची रोजी गेली ती कोणाच्या खाती मांडली? वायूचे बिल कोणीतरी चुकते केले. मजुरीचे बिल निघालेच नाही. एकाचे काम थांबले आणि त्यामुळे दुसऱ्याचा श्वास चालला, हे इतके उघडपणे क्वचितच दिसते. ज्याचा श्वास चालला तो त्या कारागिराचा ऋणी नाही, असे कोणी म्हणू शकेल काय?

मार्च-एप्रिल २०२० मध्ये हेच सगळीकडे घडत होते, फक्त नळकांड्यासारखे डोळ्यांना दिसत नव्हते. धार जिल्ह्यातील बाघ गावी ठसे उमटवून कापड छापणारे कारागीर आहेत. प्रदर्शने व बाजार थांबले, कापड घडीत राहिले. लग्नसराईतील बँडवाले अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर घरी बसले; त्यांचे सारे वर्ष त्या दोन महिन्यांवर चालते. गहू बाजारात यावयाच्या दिवसांत हमालांची पाठ रिकामी. आणि शहरात घरकाम करणाऱ्या बाया. त्यांना सोसायटीच्या दारातूनच परत पाठविले गेले.

मजुराच्या हाती पडले ते काय, हेही पाहावे. माणशी महिना पाच किलो धान्य व घरामागे एक किलो डाळ मिळाली, आणि त्याने पुष्कळ घरांची चूल पेटती राहिली. त्याचे मोल कमी करू नये. जनधन खाते असलेल्या स्त्रियांना तीन महिने पाचशे रुपये मिळाले. भविष्य निर्वाह निधीतून तीन महिन्यांच्या पगाराइतकी किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यांत जी कमी असेल ती रक्कम काढावयास परवानगी मिळाली. फेरीवाल्यांना जून २०२० पासून दहा हजारांचे कर्ज. यांतील शेवटच्या दोन गोष्टी नीट पाहिल्या, तर एक आहे कामगाराचे स्वतःचे म्हातारपण आणि दुसरी आहे त्याची पुढची मिळकत. सर्वांच्या सुरक्षिततेचा खर्च त्याने आपल्याच मागच्या व पुढच्या दिवसांतून उचलला. आपण त्याला 'मदत' म्हटले.

इ. स. १५२७ मध्ये विटेनबर्गला प्लेग आला. विद्यापीठ दुसरीकडे हलले. मार्टिन ल्यूथर मागे राहिला आणि त्याच्या घराचे जणू रुग्णालय झाले. प्राणघातक साथीपासून पळावे की नाही, या प्रश्नावर त्याने त्या सुमारास एक लहान पुस्तक लिहिले. पाळकाने कळप सोडू नये, अधिकाऱ्याने नगर सोडू नये, हे त्यातील म्हणणे आपल्याला सांगितले जाते. पण ल्यूथर तेथे थांबत नाही. चाकराने धन्याला विचारल्यावाचून सोडू नये, तसेच धन्यानेही चाकराच्या देखभालीची पुरती व्यवस्था केल्यावाचून त्याला सोडू नये, असेही तो बजावतो. संकटात माणसे एकमेकांना बांधलेली असतात आणि ते बंधन दोन्ही टोकांना सारखे असते, हा त्याचा विचार. आपल्याकडे १८९७ चा साथरोग कायदा २०२० मध्येही वापरला गेला. त्यात सरकारने काय करावे व आज्ञा मोडणाऱ्यास काय शिक्षा व्हावी हे आहे. थांबविलेल्या मजुरीविषयी एक अक्षर नाही. युरोपातील काळ्या मृत्यूनंतर इंग्लंडमध्ये मजूर कमी पडले आणि मजुरी वाढू लागली, तेव्हा १३५१ चा कायदा झाला तो मजुरी जुन्या दरावर रोखण्यासाठी. माणसे थोडी असोत की कामे थोडी असोत, साथीच्या काळात कायद्याचा हात बहुधा चाकराच्याच टोकाकडची गाठ आवळतो. मे २०२० मध्ये मध्यप्रदेश शासनाने कारखान्यांत आठाऐवजी बारा तासांची पाळी चालविण्याची मुभा जाहीर केली. जादा तासांचे पैसे द्यावयाचे होते, हे खरे. तरी दोन महिने उपाशी राहिलेल्या माणसाला 'नाही' म्हणण्याची मुभा किती असते?

आता दाखल्यातील कुरकुरणाऱ्यांकडे वळू. कारण त्यांच्यावर आपण नेहमी थोडा अन्याय करतो. दिवसाचे ऊन सोसलेले ते मजूर २०२० मध्येही होते. देवासच्या औषधी कारखान्यांसारखे कारखाने बंदीतून वगळले होते. तेथे पाळ्या चालू होत्या. झाडूवाले, स्मशानातील कामगार, मालमोटारींचे चालक, घरोघर जाणाऱ्या आशा ताई. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता आपण त्यांच्यासाठी थाळ्या वाजविल्या. आशा ताईंना साथीच्या कामाबद्दल केंद्राकडून महिना एक हजार रुपये जादा ठरले, म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये. त्यांनी कुरकुर केली तर दाखल्यातील धन्याचे उत्तर त्यांना ऐकवावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. धन्याने आपल्या पदरचे देऊन शेवटच्याला भरून दिले. पहिल्याला जिवाच्या धोक्यात घालून तेवढ्यातच राबविले नव्हते. या बाबतीत हा दाखला पुरत नाही, आणि तो ओढूनताणून पुरवू नये. त्यासाठी अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील घराच्या कठड्याचा नियम वाचावा. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा केला नाही आणि कोणी पडले, तर रक्ताचा दोष त्या घरावर येतो. चढणाऱ्याने सांभाळून चढावे, असे नियमशास्त्र म्हणत नाही. मुखपट्टी, हातमोजे, आजारपणाची भरपगारी रजा, विमा हे सर्व कठडेच आहेत आणि ते बांधण्याचे काम घरवाल्याकडे आहे.

थांबलेल्यांकडे परत येऊ. दान की देणे, या प्रश्नाचा निकाल आमच्या मते आपल्या स्वतःच्या घरात लागून गेला आहे. एप्रिल २०२० मध्ये आपल्या मंडळ्यांतील पुष्कळजण घरी होते: सरकारी कचेऱ्यांतील, बँकांतील, अनुदानित शाळांतील. काहींचे काम निम्मे झाले, काहींचे मुळीच झाले नाही. पगार मात्र थोड्याबहुत कपातीने किंवा कपातीवाचून खात्यावर आला. निवृत्तांचे निवृत्तिवेतन आले. (खासगी शाळांतील आणि लहान दुकानांतील भावंडांचे तसे झाले नाही, त्यांची गणना आम्ही मजुरांतच करतो.) तो पगार घेताना आपल्याला कोणी दान घेणारे म्हटले काय? आपल्यालाही तसे वाटले नाही, आणि वाटावयास नको होते. आज्ञा पाळून घरी बसणे हेच त्या महिन्याचे काम होते. मग तीच आज्ञा पाळून घरी बसलेल्या धुणेवालीला दिलेले पैसे दान कसे झाले? फरक एवढाच, की आपला हिशेब महिन्याने होतो आणि तिचा दिवसाने. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात आणि अनुवादाच्या चोविसाव्यात रोजंदाराची मजुरी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नये असे सांगितले आहे, ते याच कारणासाठी, की त्याचा जीव त्यावर लागलेला असतो. जो दिवसावर जगतो त्याच्याशी अधिक जपून वागावे, असा तो नियम आहे. आपण व्यवहारात त्याचा उलटा अर्थ केला.

आमचे म्हणणे कोणी असे समजू नये, की धान्याच्या पिशव्या वाटल्या ते वाईट केले. अनेक मंडळ्यांनी पदरमोड करून ते केले. परंतु पिशवी घेताना छायाचित्रासाठी उभा राहिलेला माणूस आणि ठरल्या तारखेला आपली मजुरी मोजून घेणारा माणूस यांच्या मानेत फरक असतो. पहिल्याला आभार मानावे लागतात. दुसऱ्याला कमी पडले तर विचारता येते.

याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडकवून ठेवलेल्या मजुरीचा आक्रोश देवाच्या कानी जातो असे लिहिले आहे, ते जमीनदारांना. आपल्यापैकी फारच थोडे जमीनदार आहेत. म्हणून ते वचन इतरांसाठी आहे असे समजून आपण पुढे जातो. पण मंडळी ही स्वतःच मालक आहे. मंदिर झाडणारा, घंटा वाजविणारा, कबरस्तानात खड्डे खणणारा, ही माणसे मंडळीच्या पगारावर किंवा रोजावर आहेत. रविवारची उपासना बंद झाली, दानार्पण घटले, तेव्हा कात्री प्रथम कोठे लागली, हे प्रत्येक मंडळीने आपल्या २०२०-२१ च्या जमाखर्चात पाहावे. कबर खणणाऱ्याला तर त्या वर्षी काम कमी नव्हते.

आमची सूचना लहान आहे. येत्या वार्षिक सभेपुढे अंदाजपत्रक येईल, तेव्हा मंडळीच्या रोजंदारांसाठी दोन महिन्यांची मजुरी राखून ठेवणारी एक रक्कम त्यात धरावी आणि ती 'धर्मादाय' या सदराखाली न दाखविता 'वेतन' या सदराखाली दाखवावी. साथ, पूर, दंगा, कोणत्याही कारणाने मंदिर बंद राहिले, तर ठरल्या तारखेला ती त्यांच्या हाती पडावी. त्यासाठी अर्ज मागवू नये. सभासदांनीही आपापल्या घरी कामास येणाऱ्या बाईंच्या बाबतीत असेच काही ठरवून तिला आधी सांगून ठेवावे. सभेत कोणी बंधू उठून विचारील, की न केलेल्या कामाचे पैसे का द्यावयाचे. खजिनदारांनी रागावू नये. त्यांना एप्रिल २०२० चा त्यांचा पगार कोणत्या तारखेला जमा झाला होता, एवढे विचारावे.